शून्य सल्फाइटही हवं आणि बाटलीत कणही नको: वाइन निवडणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वाइनचे दुकानदार, रेस्टॉरंटच्या वाइन-याद्या ठरवणारे आणि स्पर्धांचे परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी थोड्या जमिनीवर सेंद्रिय पद्धतीने द्राक्षं घेतो आणि त्यांची ड्राय, म्हणजे जवळजवळ साखर न उरलेली, व्हाइट वाइन करतो. छाटणीपासून बाटलीला बूच लावण्यापर्यंतचं सगळं काम एकाच आवारात, मोजक्या माणसांच्या हातून होतं. असे छोटे उत्पादक जगात जिथे जिथे द्राक्ष पिकतं तिथे आहेत. पिणाऱ्याच्या ग्लासात आमची वाइन पोहोचणार की नाही, हे बहुतेक वेळा तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

हल्ली तुमच्याकडून दोन मागण्या एका दमात येतात. पहिली अशी की वाइन सेंद्रिय आहे ना, मग सल्फाइट (वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग, आम्ही त्याला नुसतं गंधकही म्हणतो) अजिबात नको. दुसरी अशी की वाइन लख्ख हवी, तळाशी कण नकोत, चव गेल्या वर्षीचीच हवी आणि बाटली कितीही महिने कपाटात राहिली तरी तिला काही होता कामा नये. एकेकटी घेतली तर दोन्ही मागण्या समजण्यासारख्या आहेत. पण ड्राय व्हाइटमध्ये त्या दोन्ही एकाच वेळी, दरवर्षी, खात्रीने पुऱ्या करता येत नाहीत. येतात असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मधली कुठली तरी गोष्ट तुम्हाला सांगत नाहीये. ती मधली गोष्ट मला सांगायची आहे.

रेड वाइन सालांसकट आंबते. सालांतलं आणि बियांमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य रसात उतरतं आणि पुढे हवेपासून वाइनचं बरंचसं रक्षण तेच करतं. व्हाइटमध्ये आपण द्राक्ष आधी दाबतो, सालं बाजूला काढतो आणि नुसता रस आंबवतो. म्हणजे जे चिलखत निसर्गाने दिलं होतं ते पहिल्याच तासात उतरवून ठेवलेलं असतं. त्यात वाइन ड्राय असेल तर गोडीचाही आडोसा नाही. युरोपीय संघाच्या व्याख्येत लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर उरली तर ती ड्राय. आम्लता पुरेशी असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत जाते. थोडी गोडी ठेवली की किंचित कडवटपणा, किंचित जून वास, आम्लाचा खरखरीतपणा असं पुष्कळ काही झाकलं जातं. ड्रायमध्ये घडाचा, टाकीचा, नळीचा, बुचाचा प्रत्येक दोष जिभेवर उघडा पडतो. सेंद्रिय उत्पादकाने ड्राय व्हाइट करणं हे सगळ्यात अवघड दार निवडणं आहे, आणि तरी मला ते मनापासून आवडतं, कारण त्या वर्षाची बाग इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच वाइनमध्ये दिसत नाही.

प्रेसजवळ उभं राहिलात तर हे लगेच कळेल. पहाटे, गारव्यात तोडलेले घड अख्खेच प्रेसमध्ये जातात. दाब हळूहळू चढवला की ताटलीत पहिला रस येतो, हिरवट आणि धूसर. गंधक घातलेलं नसेल तर काही मिनिटांत त्याचा रंग फिरायला लागतो. आधी पिवळसर, मग तांबूस, आणि टाकीत जाईपर्यंत तो अगदी उकळलेल्या चहासारखा दिसतो. नवखा माणूस हे बघून घाबरतो. द्राक्षातलंच एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनशी हातमिळवणी करून रसातल्या फेनॉल द्रव्यांना तपकिरी करत असतं. रस निरोगी असेल तर ही द्रव्यं गाळाबरोबर खाली बसतात, उरलेली आंबताना यीस्ट आपल्याकडे ओढून घेतं आणि शेवटी वाइन पुन्हा फिकट निघते. जे पुढे बाटलीत तपकिरी होणार होतं ते टाकीतच होऊन गेलेलं असतं. शार्डोनेसारख्या वाणाला ही पद्धत बरीच मानवते. सॉव्हिन्यों ब्लांचा सुगंध मात्र हवेला फार नाजूक असतो, तिथे हीच पद्धत वापरली तर सुगंधाचं नुकसान होतं.

आणि हे सारं निरोगी घडांच्या जोरावर. बोट्रायटिस या बुरशीने कुजलेला घड प्रेसमध्ये गेला की त्याच्याबरोबर लॅकेझ नावाचं दुसरं विकर येतं. ते फार चिवट असतं, नेहमीच्या प्रमाणातलं गंधक त्याला आवरू शकत नाही. म्हणून आम्ही घड एक एक हातात घेऊन, उलटून, आतले मणी बघून, कुजके कात्रीने काढून मगच क्रेटमध्ये टाकतो. कमी गंधकाची वाइन ही अशी क्रेटपासून सुरू होते. टाकीत काय घातलं नाही, एवढ्यावरून तिचा हिशेब लागत नाही.

आता सल्फाइटविषयी. संपूर्ण सल्फाइटमुक्त वाइन जवळजवळ नसतेच, कारण यीस्ट स्वतः आंबवताना थोडं सल्फर डायऑक्साइड तयार करतं, कधी लिटरला 10 मिलिग्रॅमच्याही वर. आणि 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की पुष्कळ देशांत लेबलवर 'सल्फाइट आहेत' असं छापणं सक्तीचं आहे. म्हणजे उत्पादकाने चिमूटभरही घातलेलं नसताना ती ओळ लेबलवर येऊ शकते. ती ओळ बघून बाटली बाजूला ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगायचं काम तुमचंच आहे, दुसरं कोण सांगणार?

नियमही सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेत 'ऑरगॅनिक वाइन' म्हणून विकायची तर सल्फाइट वरून घालताच येत नाही. घातलं तर 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली' एवढंच म्हणता येतं आणि तिथे मर्यादा 100 पीपीएमची, म्हणजे लिटरला साधारण 100 मिलिग्रॅमची. युरोपात 2012 च्या हंगामापर्यंत सेंद्रिय वाइन असा प्रकारच कायद्यात नव्हता, फक्त सेंद्रिय द्राक्षं होती. मग तळघरात काय चालेल याचे नियम आले. लिटरमागे 2 ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेल्या सेंद्रिय वाइनला रेडसाठी 100 आणि व्हाइटसाठी 150 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरली. साध्या ड्राय वाइनला हेच आकडे 150 आणि 200 आहेत. नियम करणाऱ्यांनीही व्हाइटला रेडपेक्षा जास्त सूट ठेवली, हे ध्यानात घ्या. व्हाइट उघडी आहे हे त्यांना माहीत होतं. आमच्यातले बरेच जण या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतात. मीही राहतो. पण खाली राहणं आणि शून्य असणं यांत मोठं अंतर आहे.

सल्फाइटमुळे काही जणांना, विशेषतः दम्याच्या काही रुग्णांना, खरोखर त्रास होतो. त्यांच्यासाठी लेबलवरची ती ओळ महत्त्वाची आहे आणि राहायलाच हवी. पण डोकं दुखलं की सरसकट सल्फाइटकडे बोट दाखवणाऱ्यांनी एवढं बघावं की ही तक्रार रेडबद्दल जास्त ऐकू येते, आणि रेडमध्ये सल्फाइट सहसा व्हाइटपेक्षा कमीच असतं.

किती गंधक लागेल हे तळघरापेक्षा बागेत जास्त ठरतं, आणि मला वाटतं ही गोष्ट तुमच्यापर्यंत आम्ही कधी नीट पोहोचवलीच नाही. वाइनमध्ये जंतूंना रोखण्याचं खरं काम करतो तो सल्फर डायऑक्साइडचा एक छोटा हिस्सा, आणि तो हिस्सा किती हे पीएचवर अवलंबून असतं. 3.2 पीएचच्या वाइनला जेवढं मोकळं सल्फाइट पुरतं, त्याच्या साधारण अडीचपट 3.6 पीएचला लागतं. घड वेलीवर जास्त दिवस राहिले की साखर चढते, आम्ल उतरतं, पीएच वाढतो. म्हणजे तुम्ही पिकलेली, जाडसर, भरपूर अल्कोहोलची व्हाइट मागता तेव्हा तिच्याबरोबर जास्त गंधकही मागत असता. आणि आम्ही आम्ल शाबूत असताना, लवकर तोडणी केली तर तीच वाइन तुमच्या टेबलावर 'जरा आंबट आहे, अंगाने हडकुळी आहे' म्हणून मागे पडते. तोडणीची तारीख ठरवताना दररोज मणी चाखत, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघत, आकाशाकडे डोळे लावून आम्ही ओळींमधून फिरतो ते या एका पेचासाठी. बिया तपकिरी झाल्या का, साल चावल्यावर गवताची चव येते का, हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

बागेबद्दलचा आणखी एक समज दूर केलेला बरा. सेंद्रिय बागेत फवारणी होते. भुरी आणि डाऊनी हे वेलीचे दोन रोग. भुरीसाठी गंधक मारावं लागतं आणि डाऊनीसाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण. हे मिश्रण 1885 पासून द्राक्षबागायतदारांच्या हाताशी आहे, आणि अजून त्याला तोडीस तोड सेंद्रिय पर्याय सापडलेला नाही. ते पानाच्या पृष्ठभागावरच राहतं, आत शिरत नाही, त्यामुळे जोराचा पाऊस पडला की धुऊन जातं आणि पंप पुन्हा पाठीवर घ्यावा लागतो. तांबं जमिनीत साचतं, गांडुळांना आणि मातीतल्या जिवांना ते भारी पडतं. म्हणून युरोपात त्याला 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलो. ओलसर वर्षात ही मर्यादा पाळताना पीक हातचं जाऊ शकतं. शिवाय तोडणीच्या जवळ तांबं मारलं तर त्याचे अंश रसात येतात आणि सॉव्हिन्यों ब्लांला तिचा ओळखीचा वास देणाऱ्या थायॉल द्रव्यांना बांधून टाकतात. वेल वाचते, सुगंध हरवतो. म्हणून हंगामाच्या शेवटी आम्ही औषधापेक्षा पाला काढण्यावर भर देतो, घडांभोवती वारा खेळता ठेवतो. त्यात चुकून जास्त पाला गेला तर घड उन्हाने भाजतात. असं प्रत्येक पाऊल दुसऱ्याला बांधलेलं आहे.

तळघरातही तेच. आंबवण संपल्यावर वाइनमध्ये मॅलिक आम्ल शिल्लक असतं. हिरव्या सफरचंदासारखी धारदार, ताजी आंबटगोडी याच आम्लाची. बॅक्टेरिया त्याचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. हे टाकीत पूर्ण होऊ दिलं तर वाइन बाटलीत स्थिर राहते, पण मऊ होते आणि पीएच थोडा वर सरकतो. होऊ दिलं नाही तर ताजेपणा टिकतो, पण मग ते बॅक्टेरिया बाटलीत जागे होऊ नयेत म्हणून बारीक गाळणी आणि पुरेसं गंधक या दोन्हींची गरज पडते. तुम्हाला ताजी, करकरीत व्हाइट हवी, न गाळलेली हवी आणि गंधकाविना हवी. या तिन्ही गोष्टी एका बाटलीत घातल्या तर उन्हाळ्यात ती बाटली उघडताना फेस येण्याची, आतली वाइन गढूळ आणि उबट वासाची निघण्याची पूर्ण शक्यता असते. मग ती परत येते, आणि 'सेंद्रियवाल्यांचं हे असंच' म्हणून सगळ्यांवर शिक्का बसतो.

बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला जे पारदर्शक कण दिसतात ते काचेचे तुकडे नव्हेत. ते टार्टरिक आम्लाचे पोटॅशियम क्षार आहेत, द्राक्षातलेच. वाइन थंड झाली की ते बाहेर पडतात. मोठ्या वाइनरी बाटली भरण्याआधी वाइन शून्याच्या खाली उतरवून काही दिवस तशीच ठेवतात, म्हणजे खडे टाकीतच पडतात. त्यासाठी लागणारी यंत्रणा आणि वीज छोट्या माणसाला परवडेलच असं नाही. चवीला, तब्येतीला त्या कणांनी काहीही होत नाही. बाटली सरळ उभी ठेवून हळू ओतली की काम झालं. एवढ्यासाठी यादीतून वाइन काढून टाकणं मला खरोखर अन्यायाचं वाटतं.

चवीच्या सारखेपणाबद्दल मी तडजोड करणार नाही, हे इथे स्पष्ट सांगतो. मोठा उत्पादक वेगवेगळ्या भागांतली द्राक्षं, वेगवेगळ्या टाक्या एकत्र करून दरवर्षी ओळखीची चव जुळवू शकतो. तेही कसब आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. माझ्याकडे एक बाग, एका उताराच्या ओळी आणि मोजक्या टाक्या. उष्ण वर्ष आलं तर वाइन भरदार होते, थंड वर्ष आलं तर सडपातळ. ओळींमधलं गवत पाण्याला आणि नत्राला वाटेकरी झालं तर रसात यीस्टला खायला कमी पडतं, आंबवण रेंगाळतं आणि टाकीतून कुजक्या अंड्याचा वास यायला लागतो. तेव्हा रात्री उठून वाइनला थोडी हवा दाखवावी लागते. हे सगळं त्या वर्षाच्या वाइनमध्ये उतरतं. तुमच्या यादीत आमच्या नावापुढे सालच छापलेलं नसेल तर गिऱ्हाइकाला चव का बदलली हे कधीच कळणार नाही. त्याला वाटेल आम्ही निष्काळजी आहोत. कृपा करून साल छापा, आणि नवं साल आलं की जुन्या टिपणावर विसंबू नका.

दुकानदारांना एक कळकळीची विनंती. आमच्या बाटल्या काचेच्या शोकेसमध्ये, दिव्याखाली उभ्या करू नका. प्रकाशाने व्हाइट वाइनमध्ये गंधकयुक्त, उकडलेल्या कोबीसारखा वास तयार होतो, आणि बाटली पांढऱ्या काचेची असेल तर फार लवकर. कमी सल्फाइटच्या वाइनला उष्णताही लवकर बाधते. आम्ही वर्षभर जे जपलं ते शोकेसमधल्या थोड्या दिवसांत जातं. दर्शनी एक रिकामी बाटली ठेवा, भरलेल्या आत अंधारात आडव्या ठेवा.

आणि परीक्षकांना. ओळीने मांडलेल्या ग्लासांपुढे, एका वाइनला जेमतेम मिनिट-दोन मिनिटं देऊन गुण देताना जी वाइन चटकन सुगंध फेकते ती जिंकते. यीस्टच्या गाळावर महिनोन् महिने राहिलेली, हवेपासून जपलेली ड्राय व्हाइट उघडल्या उघडल्या बऱ्याचदा मिटलेली असते. आगपेटीच्या काडीसारखा एक वास येतो, आणि तो पुष्कळदा हवेत थोडा वेळ गेल्यावर उडून जातो. तिला बर्फाइतकं थंड करून पुढे ठेवलं तर काहीच बोलणार नाही. 10 ते 12 अंशांवर, ग्लासात थोडा वेळ फिरवून, शेवटी पुन्हा एकदा चाखा. शक्य असेल तर उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी चाखून बघा. जी वाइन दुसऱ्या दिवशीही उभी असते ती निरोगी द्राक्षांची असते, हा माझा अनुभव आहे. आणि ती खरोखर बिघडलेली निघाली, व्हिनेगरचा वास आला, तोंडात उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव मागे राहिली, तर 'नॅचरल आहे, चालायचंच' म्हणून तिला गुण देऊ नका. दोष हा दोषच. त्याला शैली म्हटल्याने नीटनेटकं काम करणाऱ्याचं नुकसान होतं. 'नॅचरल' या नावाला बहुतेक ठिकाणी कायद्याची व्याख्या नाही, त्यामुळे तिथे तुमची जीभ हीच काय ती तपासणी.

बागेचं सेंद्रियीकरण करताना 3 वर्षं जातात. त्या काळात सगळे खर्च आणि सगळ्या जोखमी सेंद्रिय बागेच्या असतात, पण प्रमाणपत्र नसतं. दरवर्षी तपासणी, प्रत्येक फवारणीची नोंद, खरेदीच्या पावत्या, शेजारच्या शेतातून औषधाचे तुषार उडून येऊ नयेत म्हणून सोडलेली पट्टी, हे प्रमाणपत्र मिळाल्यावरही चालूच राहतं. या रूपांतराच्या काळात कुणी तरी वाइन विकत घेणं फार मोलाचं असतं. छोटी बाग टिकते ती तेव्हा.

आमच्याकडूनही काही देणं लागतं. 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनला युरोपात घटकांची यादी द्यावीच लागते, लेबलवर नाहीतर क्यूआर कोडमागे. मला हे मनापासून पटतं आणि जिथे सक्ती नाही तिथेही ते व्हावं असं वाटतं. एकूण सल्फाइट किती, पीएच किती, उरलेली साखर किती, गाळली की नाही, वाइन निवळायला बेंटोनाइट माती वापरली का, लॅक्टिक रूपांतर झालं का, तोडणी कुठल्या आठवड्यात झाली, हे सगळं एका पानावर मावतं आणि प्रत्येक उत्पादकाकडे या नोंदी असतातच. ते पान आमच्याकडे हक्काने मागा. सेंद्रिय म्हणवणाऱ्याकडे आणि न म्हणवणाऱ्याकडेही मागा. जो देणार नाही त्याला का देत नाही ते विचारा.

त्यानंतर निवड तुमची. तुम्हाला शून्य सल्फाइटची वाइन विकायची असेल तर जरूर विका. ती निगुतीने करणारे लोक आहेत आणि त्यांचं मला कौतुक आहे. पण मग ती थंडाव्यात आणा, थंडाव्यात ठेवा, लवकर विका, आणि थोडा गढूळपणा आला तर उत्पादकाच्या मागे उभे राहा. तुम्हाला लख्ख, टिकाऊ, वर्षभर कपाटात राहणारी ड्राय व्हाइट हवी असेल तर लिटरला थोडं मोजकं गंधक आणि एकदा गाळणं मान्य करा, आणि ते गिऱ्हाइकाला उघडपणे सांगा. या तोडणीच्या बाटल्या भरायच्या आत तुमच्यापैकी जे मला दोन्हींपैकी काय हवं ते कळवतील, त्यांच्यासाठी मी तशी टाकी वेगळी ठेवीन आणि तिचं पान बाटल्यांबरोबर पाठवीन.

आपला,
एक छोटा सेंद्रिय वाइन उत्पादक